ढवळीच्या कानापाशी

आत्या, तू गेलीस त्याच्या पुढच्याच आठवड्यात आपल्या ढवळी कुत्रीचा डावा कान पुन्हा बिघडला. घरात तेव्हा माणसांची ये-जा चालू होती. सांगोल्याकडची मेंढरं राखणारी आपली भावकी ओसरीवर बसून तुझं बोलत होती. तू किती सोसलंस, किती राबलीस, कधी तोंडातून ब्र काढला नाहीस. मी आतल्या दाराआड उभी राहून ऐकत होते आणि त्यांच्या बोलण्यातली बाई मला ओळखू येत नव्हती. ब्र न काढणारी तू? एवढ्यात ढवळी अंगणातून आली, माणसांच्या मधून वाट काढत तुझ्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबली आणि तिनं जोरात मान झाडली. कान फडफडले. बोलणं एकदम बंद पडलं. निघायला उठलेले दोघे पाहुणे मुकाट्यानं परत खाली बसले.

मला हसू आलं. तुझ्या सुतकात हसू आलं. मी तोंडाला पदर लावला, तर शेजारच्या बाईला वाटलं मी रडते आहे, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ही गंमत सांगावी असं घरात एकच माणूस होतं.

बाहेर निघालेल्या माणसासमोर कुत्र्यानं कान फडफडवले की पाऊल मागं घ्यायचं, हा नियम आपल्या घरात तुझ्याइतका कोणी पाळला नाही. तू सासरी परत गेली नाहीस तीसुद्धा कुत्र्यामुळं, असं तू स्वतःच सांगायचीस. माहेरपणाला आली होतीस. दीर न्यायला आला. तू उंबऱ्याबाहेर पाय टाकलास आणि ढवळीच्या आईनं कान फडफडवले. तू आत आलीस. पुढं तो पुन्हा आला, पुन्हा तेच झालं. मग तो यायचाच थांबला. “आन् मी ऱ्हायले ती ऱ्हायलेच की,” असं म्हणून तू हसायचीस. मी एकदा विचारलं होतं, “तिचाही कान बिघडलेला होता का गं?” तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, “कुत्र्याच्या कानात काय नसतंय, बाय?” सासरविषयी याहून जास्त तू मला कधी सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. आपण दोघी न विचारण्यात हुशार होतो.

मला त्या दुपारी हव्या आहेत. दुसरं काही मागायचं नाही.

माझी सकाळची शाळा सुटलेली असायची, एकचा भोंगा व्हायचा, गिरणीच्या वाटेवरची गडबड ओसरायची, आई जेवणं आटोपून आडवी व्हायची, आणि तू मागच्या दाराच्या वरच्या पायरीवर बसायचीस. शेजारी कडुलिंबाचा पाला उकळून, गाळून, कोमट केलेलं पाणी. जुन्या चादरीचे धुऊन धुऊन मऊ झालेले तुकडे. एका द्रोणात तव्यावर फुलवून कुटलेली तुरटी. ढवळीला बोलवावं लागायचं नाही. ती येऊन मान तिरकी करून तुझ्या मांडीवर टाकायची, आणि खालच्या पायरीवर बसून तिचं तोंड धरायचं काम माझं.

“आदी वास घे,” हे तू मला शिकवलंस ते सगळ्यात पहिलं. मला किळस आली होती. तू माझी मान धरून खाली वाकवलीस. आंबलेल्या पिठासारखा वास आला तर कान नुसता ओला राहिला आहे, पुसायचा आणि कोरडा ठेवायचा. कुजका वास आला, पू दिसला, जनावर हातच लावू देईना, तर आपलं काम संपलं, गुरांच्या दवाखान्यात न्यायचं. काडी कधी घालायची नाही, बोट जाईल तेवढंच पुसायचं. पाणी मनगटावर टाकून बघायचं, मग कानात. कानाच्या मुळाशी बोटांनी चोळायचं, आत पचपच आवाज येईपर्यंत. मग दोघींनी मागं सरकायचं, कारण ढवळी उठून अशी काही मान झाडायची की माझ्या शाळेच्या पुस्तकांवर अजूनही ते डाग आहेत.

त्या वेळात आपल्या दोघींची कपाळं जवळजवळ टेकलेली असायची, आणि डोळे ढवळीच्या कानात. तुझ्याकडं बघावं लागत नव्हतं म्हणून मला बोलता यायचं, हे तू ओळखलं होतंस का? मिशनच्या शाळेत मी इंग्रजी चुकेल म्हणून गप्प असे. घरी मराठीत काही म्हणावं तर कोणीतरी म्हणायचं, “बघा, मडम बोलली.” दोन भाषा शिकून मी दोन्हीकडं मुकी झाले होते. कानापाशी मात्र मी तुला काय काय सांगितलं. वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत मला खेळायला घेत नाहीत ते. प्रार्थनेच्या वेळी मी नुसते ओठ हलवते ते. इतिहासात पहिला नंबर आला तेही तुलाच आधी. तू शाबासकी दिली नाहीस. “मुस्काट नीट धर,” एवढंच म्हणालीस, आणि संध्याकाळी माझ्या ताटात गूळ जास्त होता.

भांडायचोही आपण तिथंच. पावसाळ्यात ढवळी म्हशींच्या डबक्यात जाऊन बसली आणि कान फारच बिघडला, तेव्हा तू कांदा भाजून त्याचा रस काढलास. माझा कान ठणकला की तू तेच करायचीस. मी नको म्हटलं. आमच्या शाळेतल्या बाईंकडं असाच लोंबत्या कानांचा कुत्रा होता. ओल्या, सोललेल्या कानात असलं काही ओतू नये, असं त्या म्हणायच्या.

“त्या कुत्र्याला इंग्रजी कळतंय,” तू म्हणालीस. “त्याचा कान येगळा.”

“कान सगळ्या कुत्र्यांचे सारखेच असतात, आत्या.”

“मग साळंत कुत्र्याचे कान शिकिवत्यात व्हय? म्हनून एवडी फी?”

रस कानात पडला आणि ढवळी अशी ओरडली की आई झोपेतून उठून धावत आली. ढवळी सुटून गेली ती दिवस मावळेपर्यंत तुझ्याजवळ आली नाही. तू ताटावर बसलीस आणि न जेवता उठलीस. दुसऱ्या दिवशी पायरीवर तिला मांडीवर घेऊन तू तिच्याशीच बोललीस, “लई चुकलं बाय माजं.” मग माझ्याकडं न बघता, “तुजी मडमीण बरोबर म्हनायची.” मी जिंकले होते, पण तुझा पडलेला चेहरा बघून मला ते नको झालं. आणि तेवढ्यात तूच म्हणालीस, “पर तेलाचं माजंच खरं.”

तेलाचं शेवटपर्यंत मिटलं नाही. कान सुकून आत खपल्या धरल्या की तू कोमट करडईचं तेल सोडायचीस, आणि मी म्हणायचे, तेलानं आतला ओलावा आतच राहतो. तू म्हणायचीस, खपली ओढून काढलीस तर रगात येईल, तेलानं ती आपसूक सुटते. मी म्हणायचे, तू थेंब म्हणतेस आणि पळी ओततेस. तू म्हणायचीस, माझा हात मोठा आहे त्याला मी काय करू. दवाखान्यातून मी बोरिक पावडर आणली, तिला तू “तुजं पांढरं पीठ” म्हणायचीस आणि मी शाळेत गेल्यावर गुपचूप वापरायचीस. पुडी हलकी होत होती, आत्या. मला दिसत होतं.

दुसरं भांडण याहून मोठं होतं, आणि त्यात मी हरले. मी तुला समजावून सांगितलं की कानात खाज सुटते म्हणून कुत्रं मान झाडतं, त्याला आपल्या जाण्या-येण्याची काय खबर? तू सगळं ऐकून घेतलंस.

“खाजतं म्हनून फडफडवतंय, ते काय मला कळत न्हाय?” तू म्हणालीस. “पर कवा खाजावं, ते कोन ठरिवतंय? सांग की.”

शाळेतून येता-जाता मी बरेच दिवस त्याचं उत्तर शोधत होते.

मग करकंबचं स्थळ आलं. ऊसवाले लोक, घर चांगलं, मुलगा शिकलेला, असं अण्णा आईला सांगत होते. मला कोणी विचारलं नव्हतं आणि न विचारणं कोणाला चुकीचंही वाटत नव्हतं. दुपारी कानापाशी मी म्हणाले, “अण्णा करकंबला जाणार आहेत.”

“ठावं हाय.”

“आत्या, मला...” एवढंच म्हणाले. तू वाट बघितलीस. कान पुसून झाला होता तरी पुसत राहिलीस. माझं वाक्य तिथंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी तू पाला उकळला नाहीस. मी पायरीवर येऊन बसले तर म्हणालीस, “कानाला जरा इसावा द्यायचा.” कान वाहत होता. मी चिडले, बरंच बोलले. “धर म्हनलं तर धरायचं, सोड म्हनलं तर सोडायचं,” एवढंच म्हणून तू तांदूळ निवडायला बसलीस. त्या दिवसांत ढवळी सारखी भिंतीला डोकं घासायची, आणि तू तिच्याकडं बघायचं टाळायचीस.

अण्णा निघायच्या दिवशी कोट घालून, छत्री घेऊन दारात आले आणि ढवळीनं मान झाडली. तू आतूनच म्हणालीस, “दादा, टेक जरा. आज जायचं न्हाय.”

अण्णा गिरणीच्या कचेरीत इंग्रजीत पत्रं लिहितात. शकुनबिकुन आपल्याला पटत नाही असं ते बाहेर सांगतात. पण धाकट्या बहिणीपुढं त्यांचं चाललं नाही. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला. पुढच्या खेपेलाही तेच झालं. करकंबच्या लोकांना राग आला आणि त्यांनी मुलाचं लग्न दुसरीकडं ठरवलं. त्याच दुपारी पायरीवर कडुलिंबाचं पाणी होतं. मी ढवळीचं तोंड धरलं. तू पुसत होतीस. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. तू मात्र ढवळीला पुन्हा पुन्हा म्हणत होतीस, “झालं, झालं, माजी बाय, झालं आता.”

त्या दिवशी मी तुझे पाय धरायला हवे होते, की तुझ्याशी भांडायला हवं होतं? मला अजून कळत नाही. माझ्यासाठी तू एका मुक्या जिवाला दुखू दिलंस. तुला ते सोपं गेलं नाही, हे मी पाहिलं आहे. आभार कशाचे मानायचे हे ठरवण्यात दिवस गेले, आणि मग तुला ताप आला.

आईनं त्या वेळीच बजावलं होतं की पुन्हा हे कुत्रं आडवं आलं तर त्याला सांगोल्याला मेंढरांमागं धाडून देईन. तू होतीस तोवर ते नुसतं बोलणं होतं. आता दुधनीचं एक व्यापाऱ्याचं घर निघालं आहे. अण्णांचं जायचं ठरलं, आणि सुतक फिटल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली. ती रागावलेली नव्हती. दमलेली होती.

“कान बरा होतोय का बघ,” ती म्हणाली. “झाला तर राहू दे तिला. मलाही त्या जिवाचं वाईट वाटतं गं. पण नाही झाला तर अण्णा निघायच्या आधी धाडते. माझ्या पोरीचं मला बघायला नको का?”

म्हातारी ढवळी, वाहता कान, आणि रानातली मेंढरांमागची उन्हातान्हाची वणवण. पहिला पाऊस तरी तिला दिसला असता का? ती राहायची तर कान बरा व्हायला हवा होता. आणि कान बरा झाला तर अण्णांना दारात थांबवणारं कोणी उरत नव्हतं.

खोटं कशाला सांगू, मी पाला तोडून आणला आणि तो तसाच ठेवून बसले. तुझ्यासारखा विसावा द्यावा असं मनात आलं. धाडायला उशीर झाला तर निघायच्या वेळी एकदा तरी ती अण्णांसमोर कान फडफडवेल, एवढं पुरे होईल. पण त्यानंतर ती सांगोल्याच्या वाटेवर असती. तेवढ्यात ढवळी आली आणि चुलीमागच्या भिंतीला कान घासत बारीक कण्हायला लागली. मी पातेलं चुलीवर ठेवलं.

ती माझ्याकडं येईना. तुझ्या पायरीसमोर बसून राहिली. मी तुझ्या जागेवर बसले नाही, माझ्या खालच्या पायरीवरच बसले, आणि वाट बघितली. तिलाही वाट बघायची होती, तुझी. आम्ही दोघी बराच वेळ त्या रिकाम्या पायरीकडं बघत बसलो. शेवटी तिनं उसासा टाकला, खरंच टाकला, आणि मान माझ्या मांडीवर ठेवली. एका हातानं तोंड धरायचं आणि दुसऱ्यानं पुसायचं, हे किती अवघड आहे ते मला तेव्हा कळलं. मी वाकून वास घेतला. आंबलेल्या पिठाचा होता. मला रडू फुटलं. तू गेल्यानंतर पहिल्यांदा मी मोकळी रडले ती त्या वासानं.

रोज दुपारी केलं. पाणी, पुसणं, कोरडा फडका, वरून थोडी तुरटी. डबक्याकडं जाऊ दिलं नाही. कान उलटा करून डोक्यावर बांधून ठेवला, वारा लागावा म्हणून. तेव्हा ती अशी काही दिसायची की तू हसून हसून लोळली असतीस. तेल घातलं नाही. त्यावरून तू माझ्याशी वाद घालशील अशी वाट बघत होते. कोणी घातला नाही. पातेल्यातलं पाणी निवताना मी तुला दोन्ही बाजूंनी बोलत होते, माझ्याही आणि तुझ्याही, पण तुझं बोलणं मला नीट जमत नाही. तू काय म्हणशील ते मला ठाऊक असतं. कसं म्हणशील ते तूच जाणे.

कान सुकला. वास गेला.

आज सकाळी अण्णा निघाले. आईनं त्यांच्या हातावर दही ठेवलं. ढवळी दारात आली आणि आम्ही तिघंही थांबलो. अण्णासुद्धा थांबले. ढवळीनं शेपूट हलवली, अण्णांच्या बुटाचा वास घेतला आणि उन्हात अंग टाकून दिलं.

“बघा,” आई म्हणाली, “मुक्या जिवालाही पसंत आहे.”

“अण्णा,” मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की माझीच मी दचकले.

“शालन! निघालेल्या माणसाला हाक मारू नये,” आई म्हणाली.

“मला इतक्यात लग्न करायचं नाही, अण्णा. मला कॉलेजात जायचं आहे.”

बघायला ढवळीचा कान नव्हता. अण्णांच्या तोंडाकडं बघून बोलावं लागलं.

अण्णांनी छत्री जमिनीला टेकवली. मग म्हणाले, “करकंबच्या वेळी का नाही बोललीस?”

“तेव्हा आत्या होती.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग ढवळीकडं, मग तुझ्या खोलीच्या दाराकडं. “म्हणजे ते...” एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांना ते मला दाखवायचं नव्हतं. त्यांनी छत्री उगीचच या हातातून त्या हातात घेतली.

“शब्द दिलाय, न जाऊन चालायचं नाही,” ते म्हणाले. “पण ठरवून येत नाही. संध्याकाळी आल्यावर बोलू. आणि तूच बोलायचं, समजलं? मी आईला काही सांगणार नाही.”

“मी इथंच उभी आहे,” आई म्हणाली.

अण्णा स्टेशनच्या वाटेला लागले. आई पदर खोचून आत गेली, भांडी जरा जोरात वाजली, मग वाजायची थांबली. मी वळले आणि काही कळायच्या आत तुझ्या खोलीशी धावले होते. दार ढकललं. तुझी वाकळ उन्हात घालायला बाहेर काढलेली होती. खोली सारवलेली होती, सारवण अजून ओलं होतं, आत पाय टाकता येत नव्हता.

मी दारातूनच सांगितलं. आत्या, मी बोलले.